पडलेल्यांचा सोबती : डॉ. बॉब स्मिथ

दारूच्या पाशात सापडलेला एखादा बंधू उपासनेला येईनासा झाला म्हणजे मंडळीत त्याच्यासाठी प्रार्थना होते, पाळकसाहेब त्याच्या घरी जाऊन येतात, तरीही बाटली सुटत नाही. मग आपण थकतो व त्याला नावे ठेवू लागतो. अशा वेळी अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट होलब्रूक स्मिथ यांचे चरित्र आठवावे. लोक त्यांना डॉ. बॉब म्हणत.

त्यांचा जन्म ८ ऑगस्ट १८७९ रोजी व्हर्मांट राज्यातील सेंट जॉन्सबरी या गावी झाला. आईवडील चर्चच्या कामात पुढे असत. रविवारी उपासना, शब्बाथ शाळा व पुन्हा संध्याकाळची उपासना, सोमवारी तरुणांची सभा, कधी बुधवारची प्रार्थनासभा, असा मुलाचा आठवडा जाई. पण हे सारे सक्तीने. मोकळे झालो की चर्चची पायरी चढायची नाही, असे त्याने ठरवले आणि सुमारे चाळीस वर्षे तो निश्चय पाळला. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी येथे क्षणभर थांबावे. मुलाला बाकावर बसवणे सोपे असते. त्याचे मन कोठे आहे हे पाहणे कठीण.

डार्टमथ कॉलेजात दारूची सवय जडली. तिच्यापायी वैद्यकीय शिक्षण रखडले, तरी १९१० मध्ये ते डॉक्टर झाले. पुढे ओहायो राज्यातील अॅक्रन शहरात त्यांनी व्यवसाय थाटला. १९१५ मध्ये अॅन रिप्ली यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२० साली देशात दारूबंदी आली, पण औषधासाठी म्हणून डॉक्टरांना मद्यार्क मिळत असे. घरी ते कोळशाच्या ढिगात, तळघराच्या तुळयांवर बाटल्या लपवीत. शस्त्रक्रिया करणारे हात थरथरू लागले, कर्ज वाढले, मित्र दुरावले.

१९३३ च्या सुमारास पतिपत्नी ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती मंडळाच्या सभांना जाऊ लागली. अडीच वर्षे डॉ. बॉब सभांत बसले, पवित्र शास्त्र वाचले, प्रार्थना केली आणि तरीही पीत राहिले.

१२ मे १९३५, मातृदिन. न्यूयॉर्कचे बिल विल्सन नावाचे गृहस्थ धंद्यानिमित्त अॅक्रनला आले होते. तेही एकेकाळचे अट्टल दारुडे; पाच महिन्यांपूर्वी दारू सोडलेले. धंद्यात अपयश आले होते आणि हॉटेलातील दारूचा गुत्ता त्यांना खुणावत होता. आपण वाचायचे तर दुसऱ्या दारुड्याशी बोलले पाहिजे, हे ओळखून त्यांनी स्थानिक पाळकांना दूरध्वनी केला. त्यातून दोघांची गाठ पडली. डॉ. बॉब पंधरा मिनिटे बसण्याच्या बोलीवर आले आणि सहा तास बसले. बिल यांनी उपदेश केला नाही, आपलीच हकीकत सांगितली. स्वतः भोगलेला माणूस त्या दुखण्याविषयी बोलताना डॉक्टरांनी प्रथमच ऐकला.

यानंतरही ते एकदा घसरले. डॉक्टरांच्या एका अधिवेशनाला गेले आणि पिऊन परतले. १० जून १९३५ रोजी त्यांनी शेवटचा प्याला घेतला. त्याच दिवशी शस्त्रक्रिया आटोपून, ज्यांना दुखावले होते त्यांच्या भेटी घेत ते शहरभर फिरले. हाच दिवस अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या संस्थेचा स्थापनादिन मानतात. लवकरच दोघे इस्पितळातील एका तिसऱ्या मद्यपीकडे गेले, तोही सुधारला.

आपल्याला इतके दिवस काय कमी पडत होते, हे डॉक्टरांनी पुढे सांगितले आहे : सेवा. सभेत ते घेत होते, देत नव्हते. दारूची ओढ पुढे अडीच वर्षे त्यांना छळत राहिली, पण दुसऱ्याच्या खाटेशी बसताना ते स्वतः सावरले. सेंट थॉमस या कॅथलिक इस्पितळात सिस्टर इग्नेशिया यांच्या साहाय्याने ते मद्यपींवर उपचार करीत. एकूण पाच हजारांहून अधिक मद्यपींची त्यांनी सेवा केली, तीही फी न घेता. डोंगरावरील प्रवचन, याकोबाचे पत्र आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय हे त्यांचे आवडते भाग होते. १६ नोव्हेंबर १९५० रोजी ते निवर्तले. त्यांच्या साध्या समाधिशिलेवर संस्थेचा उल्लेखही नाही.

हे काम १९५७ मध्ये भारतात आले. मुंबई-पुण्याकडे मराठीतूनही सभा भरतात, कित्येकदा चर्चच्याच खोलीत. वर्गणी नाही, दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. आडनाव कोणी विचारीत नाही, तेथे ऐकलेले बाहेर नेत नाहीत. कुटुंबीयांसाठी १९५१ पासून अल्-अॅनॉन ही वेगळी संस्था आहे. मात्र वर्षानुवर्षे पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडल्यास जिवावर बेतू शकते. आधी डॉक्टरांना दाखवावे.

वाचकहो, आपल्या मंडळीतील असा बंधू आपल्या डोळ्यांपुढे असेलच. जवळची सभा कोठे व कधी भरते याची चौकशी आपण करावी. पहिल्या दिवशी एकट्याने ते दार ढकलणे फार जड जाते. दारापर्यंत त्याच्यासोबत चालत जावे. जवळ सभा नसेल तर चर्चची एक खोली आठवड्यातून एक संध्याकाळ उघडून द्यावी. आपली पापे एकमेकांजवळ कबूल करण्यास याकोब सांगतो. त्यासाठी ऐकणारा कोणी तरी हवा.