डॉ. कमलाबाई सोहोनी

गोदाकांठच्या शहागडीं शेतकरी ज्वारीची भाकरी खाऊन दिवसभर शेतांत राबतो. त्या भाकरींतील शक्ति त्याच्या अंगीं कशी उतरते? या प्रश्नाचा एक धागा उलगडणाऱ्या महाराष्ट्रीय विदुषीचें चरित्र आपल्या विद्यार्थी-विद्यार्थिनींनीं अवश्य जाणून घ्यावें.

कमलाबाई भागवत यांचा जन्म इंदूर येथें झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी मिळवून कमलाबाईंनीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत प्रवेश मागितला. संस्थेचे प्रमुख सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं त्या केवळ स्त्री म्हणून नकार दिला. गुणवत्तेंत कोठेंही उणीव नसतां झालेला हा अन्याय त्यांनीं मुकाट्यानें सोसला नाहीं. त्यांनीं आग्रह धरला आणि अखेर एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर त्यांस प्रवेश मिळाला. त्यांची निष्ठा पाहून रामन यांचें मत पालटलें व पुढें इतर मुलींसही तेथें प्रवेश मिळूं लागला.

नंतर कमलाबाई केंब्रिजला गेल्या. तेथें सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेंत त्यांस काम करावयास मिळालें. जीवनसत्त्वांवरील कार्याबद्दल हॉपकिन्स यांस १९२९ चें नोबेल पारितोषिक लाभलें होतें.

प्रत्येक पेशींत अन्नाचें जणूं मंद ज्वलन चालतें. विकरांस साहाय्य करणारा एन. ए. डी. नांवाचा पदार्थ अन्नांतील इलेक्ट्रॉन उचलतो. मग एका साखळींतून ते प्राणवायूपर्यंत पोहोंचतात व वाटेंत शक्ति मोकळी होते. या साखळींतील एक दुवा म्हणजे सायटोक्रोम सी. तो वनस्पतींच्या पेशींतही असतो, हें कमलाबाईंनीं बटाट्यावर प्रयोग करून दाखविलें. एन. ए. डी. हा पदार्थ डी. एन. ए.च्या दुरुस्तीसही लागतो. वाढत्या वयाबरोबर शरीराच्या अनेक भागांत तो घटतो असें आढळल्यामुळें वार्धक्याच्या अभ्यासांत त्यास आज महत्त्व आलें आहे.

१९३९ सालीं अवघ्या ४० पृष्ठांच्या प्रबंधावर त्यांस डॉक्टरेट मिळाली. परदेशीं न राहतां त्या मायदेशीं परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथें काम करून १९४७ सालीं विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेंत अध्यापन करूं लागल्या. गोरगरिबांच्या आहारांतील कडधान्यें व नीरा यांच्या पौष्टिकतेवर त्यांनीं संशोधन केलें. नीरेवरील कार्याबद्दल राष्ट्रपतींचें पारितोषिक त्यांस लाभलें. १९९८ सालीं त्या निवर्तल्या.

पहिल्या नकारानेंच कमलाबाई घरीं परतल्या असत्या तर त्यांचें हें ज्ञान आपणांस लाभलें नसतें. आपल्या घरांतील एखादी मुलगी पुढें शिकूं म्हणेल, तेव्हां पालकांनीं याचें स्मरण ठेवावें.