स्टीफन हिस्लॉप : नागपूरच्या खडकांचे अभ्यासक

नागपूरकरांना हिस्लॉप हे नाव १८८३ मध्ये स्थापन झालेल्या महाविद्यालयामुळे परिचित आहे. मात्र ज्यांच्या स्मरणार्थ हे नाव दिले गेले, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी या शहराभोवतीच्या खडकांतून पुरातन जीवसृष्टी उजेडात आणली, याची आठवण फारशी कोणी ठेवलेली नाही.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स येथे झाला. फ्री चर्चचे धर्मोपदेशक म्हणून १८४५ मध्ये ते भोसल्यांच्या नागपुरात आले. मराठी शिकून त्यांनी शाळा चालविल्या. जीवमात्राची रचना ही निर्मात्याच्या बुद्धीची साक्ष आहे, असे त्या काळी विल्यम पेली यांच्या १८०२ मधील ग्रंथापासून ब्रिटनमध्ये मानले जात होते. फ्री चर्चचे धुरीण टॉमस चामर्स यांनीही १८३३ मध्ये याच मताचा ग्रंथ लिहिला होता. हिस्लॉप याच परंपरेत वाढले.

१८५० च्या दशकाच्या आरंभी सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह फिरताना त्यांना नागपूरजवळच्या टाकळी येथे जीवाश्म आढळले. लाव्हाच्या दोन थरांमध्ये सरोवराचा गाळ होता आणि त्यात गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख होते. लाव्हारस थंडावल्यावर पुन्हा तळी साचली, जीव परतले आणि पुढच्या लाव्हाने तेही गाडले गेले, असा हा इतिहास होता. या शंखांपैकी फायसा नावाने ओळखल्या गेलेल्या शंखांचे तोंड डावीकडे उघडते. आजही त्या कुळातील गोगलगायींमध्ये हे वैशिष्ट्य कायम आहे. सृष्टीत एवढी उलथापालथ होऊनही देहाची घडण स्थिर कशी राहते? योजनावाद्यांना त्यात निर्मात्याचा आराखडा दिसे. पुढे उत्क्रांतिवाद्यांनी त्याचे कारण निसर्गनिवडीत शोधले. अनुकूल ठरलेल्या घडणीपासून दूर जाणारे बदल टिकत नाहीत, असे ते उत्तर होते.

हिस्लॉप व हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूरचनेवरील निबंध लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. नागपूरच्या दक्षिणेकडील मांगली येथे मिळालेली एका प्राचीन उभयचराची कवटी रिचर्ड ओवेन यांच्याकडे गेली. त्यांनी १८५५ मध्ये तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स हे नाव दिले. सर्व पृष्ठवंशी प्राणी एकाच मूळ आराखड्यावर बेतले आहेत, असे मानणारे ओवेन १८६० मध्ये डार्विन यांचे प्रखर टीकाकार ठरले. अशा रीतीने विदर्भातील एक जीवाश्म त्या वादाच्या ऐन केंद्रस्थानी असलेल्या शास्त्रज्ञाच्या मेजावर पोहोचला होता.

हिस्लॉप यांनी मात्र आपल्या शंखांचे वर्णन साक्षेपाने केले. १८६० मधील निबंधात त्यांनी ते थर तृतीयक काळातील ठरविले. आता ते क्रिटेशस काळाच्या अखेरचे, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे मानले जातात. निष्कर्ष बदलला तरी शंख जिथे सापडले ती जागा, त्यांचा थर आणि त्यांचे रूप यांची नोंद आजही उपयोगी पडते. हिस्लोपाइट या खनिजालाही त्यांचेच नाव आहे. गोंड समाजाची भाषा, कथा व चालीरीती यांविषयीची त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली.

ते ग्रंथरूप पाहण्यास हिस्लॉप हयात नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना पुराच्या पाण्यात त्यांना मृत्यू आला. सेहेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास अवघे चार दिवस उरले होते. डार्विन यांचा ग्रंथ प्रसिद्ध होऊन तेव्हा चार वर्षेही झाली नव्हती. सृष्टीमागील योजनेवर श्रद्धा असलेल्या या माणसाने जे पाहिले ते जसेच्या तसे नोंदविले. म्हणूनच त्या वादात कोणतीही बाजू घेणाऱ्या अभ्यासकाला त्यांच्या नोंदींवर विसंबता येते.