हुतात्मा जतींद्रनाथ दास

हावडा हे कलकत्त्याचे मोठे रेल्वे स्थानक. प्रवाशांची गर्दी तेथे नित्याचीच. परंतु १९२९ सालच्या सप्टेंबर महिन्यात एके दिवशी तेथे जो जनसमुदाय लोटला, तसा तेथील लोकांनी क्वचितच पाहिला असेल. फलाटावर, पुलावर, रस्त्यांवर, घरांच्या सज्जांत माणसेच माणसे दिसत होती. एवढी माणसे जमूनही गलबला मात्र नव्हता. सर्वांचे डोळे लाहोरकडून येणाऱ्या गाडीकडे लागले होते. त्या गाडीत एका तरुणाचे शव होते. त्याच्या वयाला पंचवीस वर्षे पुरी व्हायला अजून दीड महिना अवकाश होता. त्याला फाशी झाली नव्हती, की त्याच्यावर कोणी गोळी झाडली नव्हती. तुरुंगात त्रेसष्ट दिवस अन्न वर्ज्य करून त्याने देह ठेवला होता. त्या तरुणाचे नाव जतींद्रनाथ दास.

जतींद्रनाथांचा जन्म कलकत्त्यात २७ ऑक्टोबर १९०४ रोजी झाला. त्यांच्या वडिलांचे नाव बंकिमबिहारी. जतींद्रनाथ अवघे नऊ वर्षांचे असताना त्यांची आई निवर्तली. वडील आणि धाकटा भाऊ किरणचंद्र यांच्या सहवासात ते वाढले. मुलगा बुद्धीने तल्लख होता. मॅट्रिक आणि इंटर या दोन्ही परीक्षांत त्याने पहिला वर्ग मिळविला. अशा मुलाने पुढे वकील व्हावे, सरकारी अधिकारी व्हावे आणि सुखाने संसार करावा, असे त्या काळी कोणाच्याही मनात आले असते.

परंतु तो काळच निराळा होता. १९२०-२१ साली महात्मा गांधींनी असहकाराची हाक दिली आणि साऱ्या देशात चैतन्य संचारले. सोळा-सतरा वर्षांचे जतींद्रनाथ त्या चळवळीत सामील झाले. पुढे ती चळवळ थांबली, तरी स्वातंत्र्याची तळमळ काही थांबली नाही. बंगालमधील अनेक तरुणांप्रमाणे तेही क्रांतिकारकांच्या गुप्त मंडळात ओढले गेले. दिवसा अभ्यास आणि उरलेल्या वेळात देशकार्य, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

या तरुणांचा सरकारला धाक वाटू लागला. पुष्कळदा त्यांच्याविरुद्ध न्यायालयात टिकेल असा पुरावा सरकारपाशी नसे. म्हणून ऑक्टोबर १९२४ मध्ये बंगालसाठी एक विशेष वटहुकूम काढण्यात आला व पुढच्या वर्षी त्याला कायद्याचे रूप देण्यात आले. या कायद्यान्वये नुसत्या संशयावरून कोणालाही पकडता येत असे. आरोप काय, पुरावा कोणता, साक्षीदार कोण, हे सांगण्याचे कारण नसे. खटला नाही, वकील नाही आणि सुटकेची तारीखही नाही! सुभाषचंद्र बोस यांच्यासारख्या नेत्यालाही याच रीतीने पकडून दूर ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात ठेवण्यात आले होते.

नोव्हेंबर १९२५ मध्ये जतींद्रनाथांवरही तीच पाळी आली. त्या वेळी ते बी.ए.चा अभ्यास करीत होते. त्यांना पकडून मैमनसिंगच्या तुरुंगात स्थानबद्ध करण्यात आले. हे मैमनसिंग आज बांगलादेशात आहे. तेथे राजकीय बंदिवानांना फार हीन वागणूक मिळत असे. चोराला निदान आपली शिक्षा किती, हे ठाऊक असते. या तरुणांना तेवढेही ठाऊक नव्हते. शिवाय वर अपमान सोसायचा! जतींद्रनाथांना हे सहन झाले नाही. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते, दाद मागायला न्यायालय नव्हते. बंदिवानाजवळ उरते काय? उरतो तो त्याचा देह. तो देहच त्यांनी पणाला लावला आणि अन्नत्याग केला. सुमारे तीन आठवडे हा उपवास चालला. शेवटी तुरुंगाच्या अधीक्षकाने क्षमा मागितली, तेव्हा त्यांनी उपवास सोडला.

या पहिल्या उपवासाने त्यांना एक गोष्ट शिकविली. भूक म्हणजे काय, आणि ती माणसाच्या अंगातून बळ कसे हळूहळू शोषून घेते, हे त्यांना स्वानुभवाने कळले. पुढे या जाणत्या अनुभवाची फार मोठी कसोटी लागणार होती.

१९२८ साली त्यांची सुटका झाली. त्या सुमारास पंजाब व संयुक्त प्रांत येथील भगतसिंग, चंद्रशेखर आझाद प्रभृती क्रांतिकारकांनी नवी संघटना उभारली होती. त्यांना बाँब तयार करण्याची माहिती असलेला माणूस हवा होता. भगतसिंगांच्या आग्रहावरून जतींद्रनाथ आग्र्यास गेले व ती विद्या त्यांनी या तरुणांना शिकविली. ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात बाँब टाकले आणि ते स्वतः होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले. मग धरपकड सुरू झाली. १४ जून १९२९ रोजी जतींद्रनाथांना कलकत्त्यात अटक झाली व त्यांना लाहोरला नेण्यात आले. तेथे अनेक तरुणांवर लाहोर कटाचा खटला सुरू होणार होता.

लाहोरच्या तुरुंगात या तरुणांनी काय पाहिले? एखादा युरोपियन मनुष्य चोरी करून तुरुंगात आला, तरी त्याला चांगले अन्न, स्वच्छ कपडे व बरी खोली मिळे. हिंदी राजकीय बंदिवानाच्या वाट्याला मात्र निकृष्ट अन्न आणि मळकट कपडे येत. वाचायला पुस्तक नाही, वृत्तपत्र नाही. यांतील बहुतेकांचा तर अजून गुन्हाही शाबीत झालेला नव्हता. ते केवळ कच्चे कैदी होते. न्यायालयाने दोषी ठरविण्यापूर्वीच त्यांना शिक्षा भोगावी लागत होती. भगतसिंग व दत्त यांना विधिमंडळाच्या प्रकरणी शिक्षा झाली होती. त्यांनी जूनच्या मध्यासच या अन्यायाविरुद्ध उपवास सुरू केला. चांगले अन्न, पुस्तके व वृत्तपत्रे मिळावीत, कष्टाची सक्तमजुरी लादू नये, राजकीय बंदिवानांना समान व माणुसकीची वागणूक मिळावी, एवढ्याच त्यांच्या मागण्या होत्या. आपल्या सुटकेची मागणी त्यांनी केली नव्हती.

आपणही त्यांना साथ द्यावी, असे बोर्स्टल तुरुंगातील त्यांच्या सहकाऱ्यांच्या मनात आले. तरुण रक्त होते. सारे उत्साहाने भारावून गेले. अशा वेळी एकटे जतींद्रनाथ गंभीर झाले. त्यांनी सर्वांना सावध केले. क्षणिक आवेशाच्या भरात असे व्रत घेऊ नये, गोळी लागून येणाऱ्या मरणापेक्षा उपासमारीने कणाकणाने येणारे मरण कितीतरी कठीण असते, हे त्यांनी सांगितले. घेतलेले व्रत अर्ध्यावर सोडण्यापेक्षा ते न घेणे बरे, असे त्यांचे मत होते. त्याचबरोबर आपण एकदा उपवासास बसलो, तर मागण्या मान्य झाल्याशिवाय उठणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. कोणाला ते भित्रेपणाचे बोलणे वाटले असेल. पण शब्दाचे मोल जाणणारा मनुष्यच शब्द देण्यापूर्वी असा थांबतो. १३ जुलै १९२९ रोजी इतरांबरोबर जतींद्रनाथांनीही अन्नत्याग केला.

आठ-दहा दिवस गेले. उपवास मोडून काढण्याचे अधिकाऱ्यांनी ठरविले. पाच-सहा धट्टीकट्टी माणसे एकेका बंदिवानाला खाली पाडून दाबून धरीत आणि डॉक्टर त्याच्या नाकातून रबरी नळी घालून पोटात दूध ओतीत. बंदिवान सर्व शक्तीनिशी प्रतिकार करीत. जुलैच्या अखेरीस अशाच एका झटापटीत जतींद्रनाथांच्या बाबतीत अनर्थ घडला. नळी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेली आणि दूध फुप्फुसात उतरले. ते बेशुद्ध पडले. त्यांना कडक ताप भरला. त्या दिवसापासून त्यांची प्रकृती सावरली नाही.

डॉक्टर आता औषध देऊ लागले. पण जतींद्रनाथांनी औषधही नाकारले. ऑगस्ट महिना सरत आला, तसे त्यांचे हातपाय लुळे पडू लागले. दृष्टी मंदावली, वाचा क्षीण झाली. धाकट्या भावाला, किरणचंद्रांना, त्यांच्या शुश्रूषेसाठी तुरुंगात राहण्याची परवानगी मिळाली. ज्या भावाबरोबर बालपणी खेळावे, हसावे, त्याच भावाला डोळ्यांसमोर झिजताना पाहणे त्यांच्या नशिबी आले!

आता सारा देश लाहोरकडे पाहू लागला होता. गावोगावी सभा होत होत्या, मिरवणुका निघत होत्या. सरकारने नेमलेल्या तुरुंग चौकशी समितीने जतींद्रनाथांना बिनशर्त सोडावे, अशी शिफारस केली. सरकारने ती मानली नाही. जामिनावर सोडण्याची तयारी मात्र दाखविली. जामीन स्वीकारला असता, तर ते तुरुंगाबाहेर पडले असते. कदाचित त्यांचे प्राणही वाचले असते. परंतु त्यांनी जामीन नाकारला. व्रत घेतले होते ते साऱ्या बंदिवानांसाठी. एकट्याने दारातून बाहेर पडायचे आणि सोबत्यांना आत ठेवायचे, ही कल्पनाच त्यांना रुचली नाही. समितीच्या आश्वासनावरून सप्टेंबरच्या प्रारंभी इतरांनी उपवास थांबविला. जतींद्रनाथांनी मात्र थांबविला नाही. मागणी प्रत्यक्ष मान्य झाल्यावाचून उठायचे नाही, हा त्यांचा शब्द होता. आश्वासन पाळले जात नाही असे दिसताच भगतसिंग व दत्त यांनीही दोन दिवसांत पुन्हा उपवास सुरू केला.

इकडे सरकारपुढे निराळाच पेच उभा राहिला. उपवासामुळे आरोपी न्यायालयात येऊ शकत नव्हते आणि खटला अडला होता. म्हणून आरोपींच्या गैरहजेरीतही खटला चालविता यावा, असे विधेयक सरकारने मध्यवर्ती विधिमंडळात आणले. आरोपीचे म्हणणे न ऐकता न्याय कसा होईल, असा प्रश्न सभासदांनी उपस्थित केला. बॅरिस्टर महंमदअली जीना यांनी विधेयकावर प्रखर टीका केली. ही चर्चा चालू असतानाच, १३ सप्टेंबर १९२९ रोजी, दुपारी एकच्या सुमारास जतींद्रनाथांनी लाहोरच्या बोर्स्टल तुरुंगात अखेरचा श्वास घेतला. तो उपवासाचा त्रेसष्टावा दिवस होता.

वार्ता पसरताच लाहोर शहर शोकमग्न झाले. शव घेऊन गाडी कलकत्त्याकडे निघाली. वाटेत दिल्ली, कानपूर अशा मोठ्या स्थानकांवर आणि लहान स्थानकांवरही हजारो लोक फुले घेऊन उभे होते. हावड्यास सुभाषचंद्र बोस यांनी शवपेटिका स्वीकारली. कलकत्त्याच्या रस्त्यांवरून निघालेली अंत्ययात्रा दोन मैल लांब होती आणि तीत लाखो नागरिक सामील झाले होते. पंजाब विधिमंडळाचे डॉ. महंमद आलम आणि डॉ. गोपीचंद भार्गव यांनी निषेध म्हणून सभासदत्वाचे राजीनामे दिले. मध्यवर्ती विधिमंडळात पंडित मोतीलाल नेहरू यांनी तहकुबीचा ठराव मांडला आणि तो संमत होऊन सरकारचा निषेध नोंदला गेला. आयर्लंडमधील कॉर्क शहराचे महापौर टेरेन्स मॅक्स्विनी यांनी १९२० साली इंग्रजांच्या तुरुंगात ७४ दिवस उपवास करून प्राण दिला होता. त्यांच्या घरच्यांनीही सातासमुद्रापलीकडून सहानुभूतीचा संदेश धाडला. एका दुःखाची खूण दुसऱ्या दुःखाला पटली.

भगतसिंग व दत्त यांचा उपवास ऑक्टोबरच्या प्रारंभापर्यंत चालू राहिला. जतींद्रनाथांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांनी, ३० सप्टेंबर रोजी, याच खटल्यातील आणखी एका वीरास पुण्यात अटक झाली. ते पुण्याजवळच्या खेड गावचे शिवराम हरी राजगुरू. त्यांना लाहोरला नेले, तेव्हा जतींद्रनाथांची जागा रिकामी झाली होती. पुढे २३ मार्च १९३१ रोजी भगतसिंग आणि सुखदेव यांच्याबरोबर राजगुरूही फासावर गेले.

जतींद्रनाथांच्या बलिदानाने तुरुंगाच्या भिंती कोसळल्या नाहीत. १९३० साली सरकारने कैद्यांचे अ, ब, क असे तीन वर्ग पाडले व काही बंदिवानांना सवलती दिल्या. सर्व मागण्या मात्र मान्य झाल्या नाहीत. तरीही एक गोष्ट साऱ्या देशाला उमगली. तुरुंगात गेलेला माणूस हाही माणूसच असतो, आणि गुन्हा सिद्ध होण्यापूर्वी कोणालाही गुन्हेगारासारखे वागविणे हा अन्याय आहे. स्वतंत्र भारताची घटना २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आली. अटक केलेल्या माणसाला अटकेचे कारण सांगितले पाहिजे, त्याला वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे आणि चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभे केले पाहिजे, असा नियम तीत आहे. प्रतिबंधक स्थानबद्धतेला घटनेने अपवाद म्हणून जागा ठेवली आहे. परंतु तिलाही मुदतीची व सल्लागार मंडळाची मर्यादा घातली आहे. ही कलमे पुस्तकात वाचताना साधी वाटतात. मैमनसिंगच्या कोठडीत आरोप न कळता बसलेल्या त्या विद्यार्थ्याला मात्र त्यांचे मोल विचारावे!

कलकत्त्यात आज एका उद्यानाला आणि त्याच्या जवळच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकाला जतींद्रनाथांचे नाव आहे. रोज हजारो लोक तेथून ये-जा करतात. जीव प्रत्येकालाच प्रिय असतो. तो जतींद्रनाथांनाही होता. म्हणूनच त्यांनी सोबत्यांना आधी सावध केले. पण एकदा शब्द दिल्यावर, बाहेर पडण्याचे दार उघडे असतानाही, ते जागचे हलले नाहीत. विचार करून शब्द द्यावा आणि दिलेला शब्द पाळावा, ही शिकवण त्यांच्या अल्पायुषी जीवनाने मागे ठेवली आहे.