भाऊराव आण्णांची पंगत



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून हा अंक निघतोय. विणेकरी बुवांनी मलाही लिहायला सांगितलं. आता मी पडलो चौथी शिकलेला शेतकरी, कीर्तनात उभं राहिलो तर दोन तास बोलीन पण कागदावर चार ओळी लिहायच्या म्हंजे घाम फुटतो. संतांची चरित्रं या अंकात जाणत्या मंडळींनी लिहिलीच आहेत. मी कर्मवीर भाऊराव पाटलांवर लिहितो. ते काही वारकरी नव्हते, जन्माने जैन. पण आपण काल्याच्या कीर्तनात जी गोष्ट तोंडाने सांगतो ती त्या माणसानं रोज दोन वेळा ताटात वाढून दाखवली, म्हणून त्यांचं नाव या अंकात असावं असं मला वाटतं.

आण्णांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 चा, कुंभोजला, कोल्हापूरकडं. मूळ गाव ऐतवडे बुद्रुक, वाळवा तालुका. वडील पायगोंडा पाटील सरकारी नोकरीत होते. लहानपणी एका विहिरीवर अस्पृश्यांना पाणी भरू देत नव्हते म्हणून या पोरानं विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी आठवण सांगतात. पुढं कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात घातलं, राहायला जैन बोर्डिंग. तिथं असताना ते अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेले. परत आल्यावर अंघोळ करून आत यायचं असा तिथला नेम. आण्णांनी अंघोळ करायला नकार दिला. झालं, बोर्डिंगातून काढलं. मग शाहू महाराजांनी त्यांना आपल्याकडं आसरा दिला.

शाळेत काही ते चमकले नाहीत. कुस्ती आणि पोहणं यात जीव जास्त. मॅट्रिक झाले नाहीत. पुढं ज्यांनी शेकडो शाळा काढल्या ते स्वतः मॅट्रिक नव्हते, हे मी कीर्तनात सांगतो तेव्हा मागं बसलेली आमच्यासारखी माणसं जरा ताठ बसतात.

1914 साली कोल्हापुरात एक डांबर प्रकरण झालं. राजाच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांना गुंतवायचं होतं आणि त्यासाठी आण्णांनी खोटी साक्ष द्यावी म्हणून पोलिसांनी छळ मांडला. तुरुंगात घातलं, मारलं. जिवाचा कंटाळा येण्यापर्यंत पाळी आली पण साक्ष दिली नाही. हे लठ्ठे त्या जैन बोर्डिंगच्या कारभारातलेच. दुसरा असता तर म्हणाला असता, बरं सापडलं.

मग पोटासाठी साताऱ्याला शिकवण्या केल्या. लोक पाटील मास्तर म्हणायचे. नंतर किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकायचं काम घेतलं. शेतकरी मंडळींनी हे ध्यानात घ्यावं. तेव्हा आपल्याकडं लाकडी नांगर, आणि लोखंडाचा नांगर घातला तर जमिनीला विष होतं अशी लोकांची समजूत. आण्णा गावोगाव हिंडून माणसांना समजावत होते. या हिंडण्यात त्यांना आपली गावं आतून दिसली. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवणारी माणसं दिसली. गावात शाळा नाही, असली तर मास्तर नाही, आणि मास्तर असला तरी महारामांगाचं पोर बाहेर पायरीवर. आधी जोतिबा फुल्यांनी विद्येवाचून शूद्रांची काय दशा झाली ते लिहून ठेवलं होतं. आण्णा त्याच सत्यशोधकी विचारातले. त्यांनी ते वाचूनही घेतलं आणि नांगर विकता विकता डोळ्यांनीही बघितलं.

1919 च्या दसऱ्याला, म्हंजे 4 ऑक्टोबरला, कराड तालुक्यात काले या गावी रयत शिक्षण संस्था निघाली. 1924 साली ती साताऱ्याला आणली. आपली दिंडी निघाली तोच हा काळ, पाच-दहा वर्षं इकडं तिकडं.

आता खरी गोष्ट. साताऱ्याला त्यांनी आधी शाळा काढली नाही, आधी बोर्डिंग काढलं. मुलांना शिकायला गावच्या शाळा होत्या. पण खेड्यातल्या गरीब पोराला राहायचं कुठं आणि खायचं काय, हा पेच होता. आणि राहायला खायला दिलं तर जातीजातीची निराळी बोर्डिंगं. मराठ्यांचं एक, जैनांचं एक, लिंगायतांचं एक, अस्पृश्यांचं एक. आण्णांनी सगळी पोरं एका चुलीवर आणली. मराठा, महार, मांग, रामोशी, मुसलमान, जैन, सगळी. पोरांनीच पाळीनं पीठ मळायचं, भाकरी थापायच्या, वाढायचं, खरकटं काढायचं. कुणाच्या हातची भाकरी कुणाच्या ताटात पडली हे विचारायलाच जागा ठेवली नाही. 1927 साली गांधीजी साताऱ्याला आले तेव्हा त्यांच्या हस्ते या बोर्डिंगला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं. ही सगळी पोरं एकत्र कशी राहतात याचं गांधीजींनाही नवल वाटलं. पुढं त्यांनी अस्पृश्य मुलांसाठी हरिजन सेवक संघाकडून वर्षाला 500 रुपये द्यायला लावले.

या पंगतीचं पुण्य निम्मं लक्ष्मीबाईंचं. पोरं त्यांना वहिनी म्हणायची. त्या सोवळ्या घरातून आलेल्या, सुरुवातीला त्यांना हे जड गेलं असणार. बाईमाणसाला देवघर आणि चूल सोडवणं सोपं नाही. पण एकदा मन वळलं ते वळलं. बोर्डिंगात धान्य संपलं की अंगावरचा दागिना मोडायचा, असं करत करत सगळं सोनं गेलं. शेवटी एकदा पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही दिलं. नवरा जिवंत असताना बाईनं गळ्यातलं काढून देणं म्हंजे काय, ते आपल्या आयाबहिणींना विचारा. 1930 साली त्या वारल्या. आम्ही माउली हा शब्द दिवसातून शंभरदा उच्चारतो. साताऱ्यात त्यांना रयत माउली म्हणतात ते काही उगीच नाही.

संस्था चालवायची रीतही शेतकऱ्याला कळण्यासारखी होती. गावोगाव मूठ मूठ धान्य गोळा करायचं, मुष्टिफंड म्हणायचे त्याला. पण पोरांनी फुकट खायचं नाही. रान कसायचं, खडी फोडायची, माती वाहायची, आणि त्या कष्टावर शिकायचं. 1940 साली सयाजीराव महाराजांच्या नावानं हायस्कूल काढलं ते याच तत्त्वावर, कमवा आणि शिका. मला यात आवडतं ते असं की पोराला दान घेतल्याची लाज राहत नाही. जो हातानं खणतो तो मान खाली घालून बसत नाही. आणि ज्याला घरी कधी कुदळ धरावी लागली नाही अशा पोरालाही ती धरावी लागायची. ती समता पुस्तकातून शिकवता येत नाही.

मास्तर कुठनं आणायचे हाही प्रश्न होताच. शहरातला मास्तर डोंगरातल्या वाडीला टिकत नाही, हे आजही आहे. म्हणून 1935 साली साताऱ्याला मास्तर तयार करायचं ट्रेनिंग कॉलेज काढलं आणि खेड्यातलीच पोरं मास्तर करून खेड्यात पाठवली. मग डोंगरदऱ्यांतून शाळा निघाल्या, यवतेश्वरला निघाली, देवळात निघाल्या, गोठ्याच्या पडवीत निघाल्या. 1947 ला साताऱ्यात शिवाजी कॉलेज झालं, 1954 ला कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज.

गाडगेबाबांचं आणि आण्णांचं मेतकूट सगळ्यांना ठाऊक आहे. बाबा कीर्तनात पोरं शाळेत घाला म्हणून सांगायचे, ताट मोडा पण पोर शिकवा इथपर्यंत त्यांची तळमळ. पंढरीत चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा बांधणारा हा माणूस. गांधीजींच्या खुनानंतरच्या दिवसांत मुंबई सरकारनं रयतचं अनुदान बंद केलं तेव्हा बाबांनी सरकारदरबारी शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झालं. एक झाडूवाला आणि एक घोंगडीवाला, दोघं मिळून सरकारला भारी पडले.

आता जरा घरचं सांगतो, बुवांनी नको म्हटलं तर काढावं. मी चौथी पास झालो तेव्हा गावात पुढं शाळा नव्हती. तालुक्याला एक बोर्डिंग होतं. आमच्या मास्तरांनी घरी येऊन वडलांना सांगितलं, पोरगं हुशार आहे, पाठवा. वडील याच दिंडीचे, तीस वर्षं चुकले नाहीत. त्यांनी चौकशी केली आणि तिथं सगळ्या जातीची पोरं एका ओळीत जेवतात म्हणून मला पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी गुरं घेऊन माळावर. त्या काळात आपल्या दिंडीतही मुक्कामाला काही माणसं पालाबाहेर जेवायची, जुन्या मंडळींना आठवत असेल. वडलांना कधी त्याबद्दल विचारलं नाही. ते वारले त्या साली पंगत एक झालेली होती आणि त्यांनी त्यात बसून जेवलेलं मी बघितलं.

आण्णांना 1959 साली सरकारनं पद्मभूषण दिलं, पुणे विद्यापीठानं मोठी पदवी दिली. त्याच साली 9 मे ला पुण्यात देह ठेवला. समाधी साताऱ्याला आहे. जवळच लक्ष्मीवहिनींचंही स्मरण लोक ठेवतात. कामानिमित्त साताऱ्याला गेलो की मी तिथं जाऊन टेकतो, आणि शाळा सुटलेली पोरं समोरनं जाताना बघतो.

हा लेख मी वहीत लिहिला. ऱ्हस्वदीर्घ नातीनं नीट करून दिलं. ती रयतच्याच शाळेत नववीला आहे. पीठ मळायचं कुठं लिहिलंय तिथं तिनं विचारलं, आजोबा, पोरगे भाकरी थापायचे? म्हटलं हो, थापायचे. यंदा ती वारीला येणार म्हणते.