बालशिक्षणाच्या आद्य उपासक : ताराबाई मोडक

मुंबईत १८९२ साली जन्मलेल्या पदवीधर ताराबाई मोडक यांची खरी घडण भावनगरला झाली. तेथे गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात, हाताला काम व मनाला मोकळीक मिळालेले मूल धाकावाचून शिकते, हे त्यांनी पाहिले. १९२६ मध्ये गिजुभाईंसह त्यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापिला.

१९४५ मध्ये त्या बोर्डीस आल्या आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. परंतु गोरगरिबांची मुले बालवाडीत येईनात. आईबाप मजुरीला गेलेले, धाकटे भावंड कडेवर, गुरे राखायची. अशा मुलाने वर्गात बसावे तरी कसे? ताराबाईंनी मुलांना बोल लावला नाही. सहकारी अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी वर्गच वस्तीच्या अंगणात नेला, ती अंगणवाडी. वारली मुलांच्या गुरांमागे रानात नेला, ती कुरणशाळा. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला कोठून परवडणार? त्यांच्या जागी शंख-शिंपले, खडे, बिया व पाने आली. हा हिशेब मोठा चोख होता, कारण ही साधने मुलांच्या ओळखीची होती आणि मोजणी त्यांवरच होई.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या निवर्तल्या. कोसबाडचे कार्य अनुताईंनी पुढे चालविले.