डोंगराची माती, खाडीचा गाळ

नवी मुंबईतील दिवाळे या कोळीवाड्यासमोर ओहोटी लागली की पनवेल खाडीच्या मुखाशी चिखलाचा विस्तीर्ण पट उघडा पडतो आणि तिवरांची मुळे दिसू लागतात. या चिखलाचा काही भाग माथेरानच्या डोंगररांगेतून गाढी नदीबरोबर आलेला असतो. डोंगरावरील झाड तुटले की त्याचा हिशेब खाडीत लागतो, हे कोकणच्या बाबतीत सरकारदरबारी आग्रहाने मांडले ते एका शल्यचिकित्सकाने. त्यांचे नाव डॉ. अलेक्झांडर गिब्सन.

गिब्सन यांचा जन्म १८०० साली स्कॉटलंडमधील लॉरेन्सकर्क येथे झाला. एडिंबरा येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८२५च्या सुमारास ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत रुजू झाले. मराठी, गुजराती आणि हिंदुस्तानी त्यांनी आत्मसात केल्या. १८३६ मध्ये दख्खन व खानदेशात देवीची लस टोचण्याच्या कामाची सूत्रे त्यांच्याकडे आली. हे काम गावोगाव, वाडीवस्तीवर हिंडण्याचे. कचेरीत बसून जंगल पाहणाऱ्यांपेक्षा त्यांची दृष्टी वेगळी घडली, ती बहुधा याच पायपिटीमुळे.

१८३८ मध्ये पुण्याजवळील दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे अधीक्षकपद त्यांना मिळाले. तेथे आणि जुन्नरजवळच्या हिवरे येथील बागेत औषधी वनस्पतींची लागवड करून औषधे सरकारी भांडारास पुरवली जात.

मुंबईला त्या काळी सागवान हवे होते गोदीसाठी आणि सरपण हवे होते चुलीसाठी. पुढे रेल्वेच्या स्लीपरांची भर पडली. खाडीकाठची बंदरे जवळ असल्याने डोंगरउतारावरचा माल होड्यांतून शहराकडे नेणे सोपे होते. जंगल अखंड आहे, तोडले तरी पुन्हा उगवेल, असा सर्वसाधारण समज होता. गिब्सन यांनी १८४०च्या दशकात या समजालाच हात घातला. कोकणातील डोंगर उघडे पडल्याने झरे आटत आहेत आणि खाड्या गाळाने भरत आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते.

यातील झाडी आणि माती यांचे नाते समजून घेण्यासारखे आहे. खाडीच्या खारट, प्राणवायूहीन चिखलात तिवर आणि कांदळ तग धरतात. जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर पातळ असल्याने करवंदीसारखी झुडपेच अधिक. पायथ्याच्या निचरा होणाऱ्या जमिनीत साग, ऐन, किंजळ, खैर वाढतात. सागाला पाणी साचलेले मुळीच चालत नाही. घाटमाथ्यावर, पाऊस आणि धुके यांच्या आश्रयाने, अंजनी, जांभूळ, हिरडा यांची दाट राई उभी राहते. पानगळीचा थर पावसाचा मारा झेलतो आणि मुळे माती धरून ठेवतात. कोकणात जवळजवळ सारा पाऊस चार महिन्यांत कोसळतो. हे आवरण गेले की शतकानुशतके साठलेली माती काही पावसाळ्यांत वाहून जाते. नदीचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यास मिळते तेथे तिचे बारीक कण एकमेकांस चिकटून तळाशी बसतात. त्यातून मचव्याची वाट उथळ होते. आज पनवेल खाडीत भराव, बांधकामे आणि पारसिक टेकड्यांवर झालेले खाणकाम यांचाही विचार करावा लागतो. गिब्सनच्या काळी ही कारणे या प्रमाणात नव्हती.

१८४७ मध्ये सरकारने त्यांना मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक नेमले. मद्रास इलाख्यात असे पद यायला १८५६ उजाडले. वनतोडीच्या परिणामांवर ब्रिटिश असोसिएशनपुढे १८५१ मध्ये जो अहवाल सादर झाला, त्यात गिब्सन यांच्या निरीक्षणांचाही आधार घेतला होता.

मात्र त्यांच्या कार्याची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. डोंगरउतारावर झाडी तोडून, जाळून केल्या जाणाऱ्या कुमरी शेतीचे ते कडवे विरोधक होते. त्या शेतीने माती उघडी पडे, हे खरे. पण गोदीच्या लाकडासाठी सारे रान तोडणारा व्यापार आणि पोटापुरते नाचणी-वरी पिकवणारे डोंगरातले कुटुंब यांना एकाच तराजूत तोलणे न्याय्य नव्हते. ज्या धोरणाचा पाया गिब्सन यांच्या पिढीने घातला, त्यातून पुढे १८६५ व १८७८चे वनकायदे आले आणि कातकरी, ठाकूर अशा समाजांचा जंगलावरील हक्क सरकारी मेहेरबानीवर अवलंबून राहिला. कायद्याने त्या हक्काची दखल घ्यायला २००६ साल उजाडावे लागले.

१८६० मध्ये गिब्सन निवृत्त झाले. त्यांचे पद निकोल डाल्झेल यांच्याकडे गेले. दोघांनी मिळून लिहिलेला, मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा वर्णनग्रंथ १८६१ मध्ये मुंबईत छापला गेला. १८६७ मध्ये स्कॉटलंडमध्ये त्यांचे निधन झाले. दापोडीच्या बागेत त्यांनी एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून काढून घेतलेली सुमारे १७० वनस्पतिचित्रे एडिंबराच्या शाही वनस्पती उद्यानात जतन केलेली आहेत. त्या चित्रकाराचे नाव गिब्सन यांच्या कागदांत नोंदलेले नाही.