विश्लेषण : ब्रूस लीची सडपातळ, पिळदार शरीरयष्टी कशी घडली? एका चुकीची किंमत किती मोठी होती?

अनेक जिमच्या भिंतीवर आजही ब्रूस लीचे पोस्टर दिसते. उंची जेमतेम पाच फूट साडेसात इंच, वजन साधारण ६१ ते ६४ किलो आणि अंगावर चरबी जवळपास नाहीच. हे शरीर उपजत नव्हते. निवडक आहार, ठरलेला व्यायाम आणि वहीतल्या नोंदी यांतून ते घडले. मात्र याच शिस्तीत राहिलेली एक त्रुटी त्याला आयुष्यभर भोवली.

व्यायामाकडे तो गंभीरपणे कधी वळला?

२७ नोव्हेंबर १९४० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला ब्रूस ली हाँगकाँगमध्ये वाढला. तिथे तो इप मान यांच्याकडे विंग चुन शिकला. १९५९ मध्ये तो अमेरिकेला परतला. सिएटलमध्ये हॉटेलात काम करत त्याने शिक्षण घेतले. १९६४ मध्ये ओकलंडला वोंग जॅक मॅन याच्याशी त्याची लढत झाली. ती कशी संपली, याबाबत दोन्ही बाजूंचे दावे वेगळे आहेत. पण काही मिनिटांतच आपल्याला दम लागला, हे ब्रूस लीला खटकले. तंत्र अवगत होते, दमसास कमी पडत होता. तिथून त्याने वजने उचलणे, धावणे आणि दोरीच्या उड्या यांवर भर दिला.

व्यायामाचे वेळापत्रक कसे होते?

वजनांचा व्यायाम साधारण एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा. उरलेल्या दिवशी धावणे किंवा सायकलिंग. ठोसे आणि लाथांच्या सरावाचे दिवसही वाटून घेतलेले. पोटाचा व्यायाम मात्र जवळपास रोज. कोणता व्यायाम, किती वजन, किती वेळा, याची तो नोंद ठेवत असे. दंड फुगवणे हा उद्देश नव्हता. वजन वाढून वेग कमी होईल असे काही त्याला नको होते.

तो काय खात असे?

उपाशी राहण्यावर त्याचा भर नव्हता. एकदाच भरपेट जेवण्यापेक्षा तो दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे खात असे. भात, भाज्या, टोफू, मांस-मासे असे चिनी पद्धतीचे जेवण त्याला आवडायचे. मैद्याचे आणि बेकरीचे पदार्थ तो टाळायचा. गाजर, सफरचंद, सेलरी यांचा रस घरीच काढला जायचा. दूध पावडर, अंडी, केळी, पीनट बटर घातलेले प्रोटीन शेकही असायचे.

१९७० मध्ये नेमके काय घडले?

खांद्यावर बार ठेवून कमरेतून पुढे वाकण्याचा व्यायाम तो करत होता. बारवर जवळपास त्याच्याच वजनाएवढा भार होता आणि त्या दिवशी वॉर्म-अप झालेला नव्हता. पाठीच्या खालच्या भागातील मज्जातंतूला इजा झाली. पूर्वीसारख्या लाथा मारता येणार नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले. काही महिने त्याला विश्रांती घ्यावी लागली. घर चालवण्यासाठी पत्नी लिंडाने नोकरी धरली. या काळात त्याने मार्शल आर्टवरील टिपणांच्या वह्या भरल्या. त्यांतून पुढे १९७५ मध्ये त्याच्या नावाने पुस्तक निघाले.

पुनरागमन कसे झाले?

हलक्या व्यायामापासून त्याने पुन्हा सुरुवात केली. १९७१ मध्ये ‘द बिग बॉस’, १९७२ मध्ये ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ आणि ‘वे ऑफ द ड्रॅगन’ आले. डॉक्टरांनी अशक्य ठरवलेल्या लाथा प्रेक्षकांनी पडद्यावर पाहिल्या. पाठदुखीने मात्र त्याची पाठ शेवटपर्यंत सोडली नाही.

शेवट कसा झाला?

‘एंटर द ड्रॅगन’च्या काळात कामाचा ताण वाढला आणि त्याचे वजन आणखी उतरले. मे १९७३ मध्ये तो स्टुडिओत कोसळला. मेंदूला सूज आल्याचे निदान झाले. २० जुलै १९७३ रोजी पुन्हा तोच प्रकार घडला आणि वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. जगाने डोक्यावर घेतलेले ते शरीर तीन वर्षांपूर्वी अंथरुणाला खिळले होते, हे पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते.